गोदामायचा उलटा श्री

चार बायका सुई-दोरा घेऊन बसल्या की हात अडकतात आणि तोंडं मोकळी राहतात. मग किस्से साचणारच! माझ्याकडे अजून एक बिस्किटांचा जुना डबा आहे. त्यात त्या दिवसांतल्या रंगीत दोऱ्यांची उरलेली टोकं आहेत. एक ओढायला जावं तर चार गुंतून बाहेर येतात. हे सांगतानाही माझं तसंच होणार आहे. पूर्वी हे किस्से सांगताना मी पोट धरून हसायची. आता शेवटचा आधीच आठवतो, त्यामुळे हसू अर्ध्यावरच राहतं. तुम्ही मात्र हसा.

लग्न होऊन मी कामरगावला आले, तेव्हा आमचा मुलूख मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात जाण्याच्या बेतात होता. आमचे हे प्राथमिक शाळेत मास्तर. सकाळी गेले की दिवसभर घर खायला उठायचं. शेजारी हेडमास्तरांचं घर. त्यांच्या पत्नी कमळाकाकू नागपूरच्या, सातवी शिकलेल्या, पुण्याहून बायकांचं मासिक मागवणाऱ्या. त्यांच्या ओसरीवर दुपारची आमची बैठक असायची.

आम्ही चौघी. काकू, मी, दुसऱ्या एका मास्तरांची बायको वच्छी, आणि गोदामाय. वच्छी कारंज्याची, हसायला लागली की थांबायची नाही. गोदामाय मास्तरीण नव्हती. मागच्या गल्लीत राहायची. नवरा कधीच गेलेला, पाच एकर कोरडवाहू शेत एकटी करायची. एकुलती एक लेक राधी दूर केनवडला दिलेली. शेतात काम नसेल त्या दुपारी ती यायची. वाकळ शिवण्यात तिचा हात धरणारी गावात दुसरी नव्हती. पण अक्षर म्हणाल तर एक ओळखत नव्हती.

काकू भिंतीला टेकून बसायच्या. पुढ्यात पाट, पाटावर मासिक उघडं. हात क्रोशात आणि डोळे मासिकात. मी न् वच्छी त्यांच्या दोन बाजूंना. गोदामाय पाटाच्या पलीकडे, काकूंच्या बरोबर समोर, कारण तिथे उजेड चांगला यायचा.

*

मासिकात घरबसल्या छंदांचं एक पान असायचं. काकू ते पोथीसारखं वाचायच्या. एकदा त्यात आलं, "फावल्या वेळात घरातील निरुपयोगी वस्तूंपासून शोभेच्या वस्तू बनवाव्यात. यजमानांचा जुना रेशमी टाय घ्यावा."

वच्छी तिथेच आडवी पडली. "टाय? आमच्या यजमानापाशी एक टोपी हाये, थे बी उंदरानं कुरतडली!"

गोदामाय मात्र गंभीर. "काकू, निरुपयोगी म्हंजे काय?"

"म्हणजे घरात जे कामाचं नाही, टाकून द्यायचं, ते."

गोदामायनं बराच विचार केला. मनातल्या मनात सगळं घर हुडकून आली असावी. मग म्हणाली, "तसं तं आमच्या घरी कायीच नाई, काकू. फाटलं का वाकळंत जाते, वाकळ फाटली का बैलाच्या पाठीवर जाते." सुई खोचत म्हणाली, "पोरगी नांदाले गेल्यापासून मीच तेवढी हावो निरुपयोगी. माह्यापासून काय शोभेचं होते का पाहा!"

आम्ही खूप हसलो. तीही हसली. हसता हसता तिनं पदरानं डोळे पुसले आणि आम्हाला वाटलं, हसून पाणी आलं.

*

क्रोशाची सुई तेव्हा अकोल्याशिवाय मिळत नसे, आणि काकूंची मोडली होती. मासिकानं उपाय सांगितला: छत्रीची काडी काढा, टोक दगडावर घासा, कानशीनं खाच पाडा. उपाय खरोखर नामी! काकूंनी हेडमास्तरांच्या छत्रीची एक काडी काढली. मग माझ्यासाठी एक, वच्छीसाठी एक, गोदामायसाठी एक. आठांतल्या चार गेल्या, आणि चारही एकाच बाजूच्या.

त्या पावसाळ्यात शाळेची तपासणी आली. नवीन राज्य, नवीन इन्स्पेक्टर, छत्री तेवढी जुनी. साहेब मोटारीतून उतरले आणि हेडमास्तरांनी लगबगीनं त्यांच्यावर छत्री धरली. साहेबांच्या बाजूचं कापड लोंबलं आणि सगळं पाणी त्यांच्या मानेवर!

"हेडमास्तर, ही छत्री आहे की पन्हळ?"

"छत्रीच आहे साहेब," हेडमास्तर म्हणाले, "फक्त अर्धी घरी विणकाम करते!"

शेरा वाईट पडला. पण घरी येऊन हेडमास्तर काकूंना एका शब्दानं बोलले नाहीत. मला त्याचं नवल वाटलं. आमच्या ह्यांनी तर घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणून मी एकदा विचारलंही, तर काकूंनी क्रोशाचे टाके मोजायला घेतले.

उत्तर दिवाळीच्या सफाईत मिळालं. काकूंनी मला त्यांच्या ट्रंकेत कडुलिंबाचा पाला घालायला सांगितलं. झाकण उघडलं तर आत टोपडी, मोजे, झबली. सगळं पांढऱ्या सुताचं, नाजूक विणीचं. चार गाठोडी वेगवेगळी बांधलेली. मी नवी नवरी, अक्कल बेताची. विचारून बसले, "काकू, एवढं कुणाचं हो?"

"चौघांचं," काकू म्हणाल्या. "घालायला कोणी थांबलं नाही. झाकण लाव, कसर लागते."

*

गोदामायच्या युक्त्या मासिकात नव्हत्या, पण त्या मी आजही वापरते. सुई अडकली तर केसांतून एकदा फिरवायची, तेलानं सरकते. वाकळ शिवायला सुरुवात कडेनं करायची, मधून नाही. दोरा हातभराहून लांब घ्यायचा नाही.

वच्छीनं एकदा आळसानं दोन हात लांब दोरा ओवला. गोदामायनं दातानं तो तोडलाच.

"लांब दोरा घेऊ नोको वं बाई. गुंता होते."

"होऊ दे ना माय, सोडवीन मी."

"मी बी तशीच म्हनली व्हती," गोदामाय म्हणाली. "राधीच्या लग्नाचं पातळ टिपताना लांब दोरा घेतला न् पोरगी केनवडले जाऊन पडली! कामरगावात काय पोरं नव्हती?"

राधी वर्षातून एकदाच यायची. दोन दिवस राहायची. त्या दोन दिवसांत गोदामाय बैठकीला यायची नाही, आणि पुढचे आठ दिवस यायची पण बोलायची नाही.

*

आता वच्छीचा किस्सा. मासिकात आलं, "साध्या पोस्टकार्डालाही वेलबुट्टी काढून सुशोभित करावे." वच्छीला हा छंद असा जडला की विचारू नका. तिनं कारंज्याला वडिलांना कार्ड लिहिलं. कडेनं हिरवा वेल, वर मोठा मोर, मोराचा पिसारा या टोकापासून त्या टोकापर्यंत. मजकूर काय, तर "मी मजेत आहे, मोर कसा वाटला ते कळवावे."

तिसऱ्या दिवशी दुपारी तिच्या दारात बैलांची दमणी येऊन उभी राहिली. तिच्यातून वच्छीचे वडील, काका आणि आत्या मोठमोठ्यानं रडतच उतरले. वच्छी अंगणात पापड वाळत घालत होती. तिला पाहून आत्या किंचाळली आणि परत दमणीत चढली!

झालं होतं असं, की पिसारा काढता काढता कार्डावर श्री लिहायला जागाच उरली नाही. आणि आपल्याकडे बिनश्रीचं पत्र एकाच गोष्टीचं असतं, माणूस गेल्याचं. वडिलांना वाचता येत नव्हतं. गल्लीतल्या वाचणाऱ्यानं कार्ड हातात घेतलं, वर श्री नाही हे पाहून नुसतं "अरे देवा" म्हटलं. तेवढ्यावर घरात रडारड सुरू झाली.

"पन बाबा, पत्र माह्याच हातचं हाये! मी मेल्यावर लिहीन काय?"

"माय वं," तिचे वडील म्हणाले, "फुडं वाचलं कोनं?"

आत्या दमणीतून ओरडली, "जित्ती हायेस तं श्री काऊन नाई टाकला वं सटवे?"

अख्खं कामरगाव महिनाभर हसत होतं. पण मी पाहिलं, त्या दिवशी संध्याकाळपर्यंत म्हाताऱ्यानं वच्छीचं मनगट सोडलं नाही. चहासुद्धा डाव्या हातानं प्याला.

*

दुसऱ्या दिवशी गोदामाय बैठकीला आली ती दोरा न ओवताच बसली.

"काकू, थो श्री कसा असते? दाखवा बरं मले."

काकूंनी पाटावर कागद ठेवून मोठा श्री काढला. गोदामायनं समोरून तो न्याहाळला आणि लाल दोऱ्यानं चिंधीवर भरायला घेतला. दहा-बारा चिंध्या झाल्या. मग तिनं राधीच्या जुन्या परकराच्या तुकड्यांचं तोरण केलं, मधोमध श्री भरला आणि आपल्या दारावर लावलं. आम्ही कौतुकानं पाहायला गेलो, तर श्री उलटा! वेलांटी खाली, पाय वर!

वच्छी उंबऱ्यावरच बसली हसत. काकू म्हणाल्या, "अगं गोदे, देवाला डोक्यावर उभं केलंस की!"

"काऊन? तुमच्या पाटावर असाच तं दिसते," गोदामाय म्हणाली. "माह्या इकून बराबर हाये."

वर्षभर ती पाटाच्या पलीकडे बसली होती. तिला अक्षर असंच भेटलं. सरळ करून दाखवलं तर म्हणे, "हा श्री नोहे." आम्ही नाद सोडला.

*

त्याच वर्षी राधीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी. सातवा लागला की आणून घालतो, असा जावयानं शब्द दिला होता. गोदामायनं शेतातून आल्यावर दुसरं काही करणं सोडलं. राधीच्या लहानपणीच्या पोलक्यांचं दुपटं शिवायला घेतलं. बाजेला नवी दोरी घातली. डिंक आणून ठेवला. दुकानदाराला उगाच सांगितलं, "माही राधी येऊन राह्यली." काकूंनी ट्रंकेतलं काही दिलं नाही. त्यांनी नवं पिवळं टोपडं विणायला घेतलं. का, ते मला आता विचारावं लागलं नाही.

केनवडहून जावयाची कार्डं यायची ती काकूंकडेच. काकू कार्ड पाटावर ठेवायच्या आणि विणता विणता वाचायच्या. त्या सुरू करायच्या आधी गोदामाय दरवेळी पाटावर पार खाली वाकायची. मग सावकाश सरळ होऊन बसायची आणि म्हणायची, "हं, वाचा आता." आम्हाला वाटायचं, पत्राला नमस्कार करते. वच्छी चिडवायचीसुद्धा, "माय, जावयाच्या पाया पडून राह्यली काय?" ती नुसती हसायची.

सातवा लागला. पण पाऊस असा लागला की नदी-नाल्यांनी वाटा बंद केल्या. कार्ड आलं, पाणी ओसरलं की निघतो. आठवा लागला. गोदामाय रोज नाल्यापर्यंत जाऊन पाणी पाहून यायची.

भादव्यातली एक दुपार. पावसाची उघडीप होती. दुपट्याचा शेवटचा कोपरा राहिला होता. काकूंच्या टोपड्याचे बंद तेवढे राहिले होते. पोस्टमन ओसरीशी आला, काकूंच्या हातात कार्ड देऊन तसाच मागे फिरला. एरवी तो गोदामायला हाक मारल्याशिवाय जात नसे.

काकूंनी सवयीनं कार्ड पाटावर ठेवलं. त्यांचे हात थांबले. मग पुन्हा चालू लागले, पण टाका कुठलाच पडत नव्हता. मी शेजारीच होते. कार्डावरच्या ओळी मलाही दिसत होत्या. काकू जे वाचायला लागल्या ते त्यात कुठेही नव्हतं.

"श्री," काकूंनी सुरुवात केली. आवाज अगदी नेहमीचा. "केनवडहून सासूबाईंना साष्टांग नमस्कार. इकडे सर्व खुशाल. राधाबाईची प्रकृती उत्तम. पाणी ओसरताच घेऊन निघतो. आपण काळजी करू नये."

वच्छी टाळी वाजवून म्हणाली, "पाह्यलं माय? आता आलीच तुही राधी!"

गोदामाय नेहमीसारखी वाकली होती. पण सरळ झाली नव्हती. सुई तिनं दुपट्यात खोचून ठेवली आणि पाटापलीकडून हात लांब करून कार्डाच्या तिच्याकडच्या कडेवर बोट ठेवलं.

"काकू," ती म्हणाली, "थो श्री कोठी हाये?"