बुधवारचा उपास

माझं शेवटचं फील्ड पोस्टिंग उत्तर सीमेवर होतं. सेक्शनमध्ये दहा जण, मी हवलदार, सेक्शन कमांडर. माझ्या खालोखाल नाईक सोपान. मी शिरूर तालुक्यातल्या न्हावऱ्याचा, तो दौंड तालुक्यातला, केडगावच्या अलीकडच्या वस्तीवरचा. मध्ये फक्त भीमा नदी. इतक्या लांब आपल्याकडचा माणूस भेटला की भावासारखा वाटतो, आणि भावासारखाच छळतो. त्याच्या घरी पूर्वी मेंढरं होती, आमच्याकडे आजोबांपासून फुलं आणि भाजी. "तुझ्या आज्याच्या मेंढरांनी आमचा झेंडू खाल्ला असणार," असं मी म्हणायचो. "झेंडू कोन खातंय भाऊ? फ्लॉवर खाल्ला असंल," असं त्याचं उत्तर.

रोजचा क्रम ठरलेला. साडेचारला उठणं, पाचला चहा, सव्वापाचला पेट्रोलिंग, म्हणजे गस्त. त्या दिवशीही तसंच निघालो. सहा चाळीसला नाल्यापाशी आमच्यावर फायर आला. एक ग्रेनेड फुटला, त्याचे धारदार तुकडे माझ्या पोटात खालच्या बाजूला शिरले. पलीकडे आमचा एक जवान मांडीत गोळी लागून पडला. सोपाननं वायरलेस सेट उचलला.

"अल्फा, दो कॅजुअल्टी. कव्हर फायर दो. ओव्हर."

"रॉजर. दस मिनट होल्ड करो. ओव्हर."

दहा मिनिटं तो थांबला नाही. माझ्या पोटावर फील्ड ड्रेसिंग बांधलं आणि खांद्याचे पट्टे धरून मला खडकाआड ओढत नेलं. मग दुसऱ्या जवानासाठी परत गेला. त्यालाही ओढत आणत होता. खडक दोन हातांवर असताना सोपानच्या मानेत गोळी लागली. सात वाजून पाच मिनिटांनी मदत पोचली. तो जवान आज चालतो-फिरतो. मी हे लिहितो आहे.

मिलिटरी हॉस्पिटलमध्ये तिसऱ्या दिवशी मला नीट शुद्ध आली. पोटाच्या डाव्या बाजूला लालभडक, ओलसर काहीतरी होतं आणि त्यावर पिशवी चिकटवलेली. खालची आतडी निकामी झाली होती, शौचाची वाट आता कायमची इथून. मी भिंतीकडे तोंड केलं. वॉर्डातल्या नर्सिंग ऑफिसर कॅप्टन मॅडम म्हणाल्या, "हवलदार, तोंड इकडे. हा तुमचा नवा साथीदार. नाव ठेवा याचं."

मी म्हणालो, "रंगरूट. नवा भरती, हुकूम ऐकत नाही आणि नको तिथं बोलतो."

त्या हसल्या आणि ट्रेनिंग सुरू झालं. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. पिशवी चिकटवायच्या चकतीचं भोक मापात कापायचं. कातडी साध्या पाण्यानं धुऊन कोरडी करायची. जादा सेट कायम जवळ. अन्न चावून खायचं, पण उपाशी राहायचं नाही, रिकाम्या पोटी वारा जास्त धरतो. रायफल साफ करतो तसं मी हे शिकलो. पुढं पिशवी बदलायला मला सहाच मिनिटं लागू लागली. लो मेडिकल कॅटेगरीत दोन वर्षं स्टोअरमध्ये ड्यूटी केली आणि पेन्शनवर घरी आलो.

घरी काही अडलं नाही. मोटारसायकल चालवतो, झेंडू तोडतो, लग्नात अहेर घेऊन पुढच्या रांगेत बसतो. बायको सुनंदा पिशव्यांचा साठा माझ्यापेक्षा चोख ठेवते. फक्त एक खोट राहिली. परक्या घरी जेवायला मी बसत नव्हतो. चार माणसांत वारा सुटून रंगरूट बोलला तर काय, ही धास्ती. मग उपासाचं निमित्त पुढं करायचो. गावानं मला देवभक्त ठरवलं. सुनंदा हसायची, "सीमेवर घाबरला न्हाईत, आन् पंगतीला घाबरताय व्हय?"

पण खरी पंचाईत सोपानच्या घरी झाली. तो गेला त्या तारखेला मी दरवर्षी पारगावच्या पुलावरून त्याच्या आईकडं जातो. तिला हुलग्याची शेंगोळी करायची असतात. ती सोपानची आवडती. हुलगा आधीच वातूळ, रंगरूटाला बोलायला विषयच मिळतो. पहिल्या वर्षी सोमवार होता. महादेवाचा उपास सांगितला. दुसऱ्या वर्षी तीच तारीख मंगळवारी आली. देवीचा सांगितला. तारीख कागदावर पक्की, वार मात्र एकेक पुढं सरकतो, हे गणित माझ्यासारख्या हवलदाराच्या ध्यानात आलं नाही.

तिसऱ्या वर्षी मी फोटोला हार घातला. आईनं ताट पुढं केलं.

"उपास हाय, आई."

"आज बुधवार हाय. बुधवारचा कंचा देव धरलास रं?"

मला एकही देव सुचेना. सकाळपासून खरंच पोटात काही नव्हतं. तेवढ्यात रंगरूट शर्टाच्या आतून लांबलचक बोलला.

तिला तो ऐकू आला, पण ती हसली नाही. ताट खाली ठेवलं आणि माझ्यासमोर बसली. "दत्तू, दोन वरीस तुझं ताट म्हशीफुडं ठिवलं. माझं लेकरू तुला वाचवताना गेलं, म्हनून या घरातला घास तुझ्या गळ्याखाली उतरत न्हाई, असं समजले मी. आज सांगनार व्हते, जिवाला एवढं लागत असंल तर येऊ नगंस फुडल्या वर्साला."

हे घर सुटलं तर सोपान सुटला. मी शर्ट वर केला आणि सगळं सांगितलं, शेवटच्या चिकटपट्टीपर्यंत.

तिनं वाकून नीट पाहिलं. "दुखतंय?"

"न्हाई."

"खाल्लेलं पचतंय?"

"नीट चावलं की समदं पचतंय."

"मग चाव. लांडग्यानं फाडलेल्या मेंढीची आतडी या हातानं आत घालून शिवलीत मी, आन् तू मला पिशवीचं भ्या दाखवतोस!"

मी मांडी घालून बसलो. शेंगोळी तिखट होती. मी एकेक वळी सावकाश चावत होतो. मध्येच रंगरूट पुन्हा बोलला, मी ओशाळलो.

"बोलू दे. सोपान्या बी जेवताना लई बडबडायचा," ती म्हणाली.

मग इतक्या वर्षांत तिनं विचारलं नव्हतं ते विचारलं. "शेवटी काय म्हनला?"

रिपोर्टमध्ये हे नाही. हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. "मला ओढताना शिव्या देत व्हता, आई. म्हनला, भाऊ, कसलं वजन हाय तुमचं, जरा कमी जेवत जा की."

ती आधी हसली. पदर तोंडाला लावून हसता हसता रडली, मीही रडलो. मग तिनं डोळे पुसले, पातेलं पुढं ओढलं.

"त्याचं काय ऐकतोस," म्हणाली, आणि माझ्या ताटात आणखी दोन पळ्या वाढल्या.