झोनेचे मातीचे खांब

नागपूरच्या एका कॉलेजात मी चार वर्षं भूगोल शिकवला. हिमनदी हा माझा हातखंडा विषय. हिमनदी कशी सरकते, दगडमातीचा राडा कसा ढकलत आणते, वितळल्यावर मागे काय उरतं, हे सगळं मी पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात, पंखा बंद असलेल्या वर्गात, फळ्यावर आकृत्या काढून समजावलं. हिमनदी सोडा, साधा बर्फ पडतानाही मी पाहिला नव्हता.

लग्न होऊन अमेरिकेत, ट्रॉयला आले तेव्हा कळलं की मिशिगनचा हा सगळा भागच हिमनदीने मागे टाकलेला आहे. जागोजागी गोल तळी, लोकांच्या अंगणात पडलेले मोठाले धोंडे. पण हे सांगायचं कुणाला? नवरा सकाळी सातला एका गाड्यांच्या कंपनीच्या आयटी विभागात जायचा. त्याच्या व्हिसावर आलेली मी, मला नोकरी करायची परवानगी नव्हती. पहिली दोन वर्षं मी दुपारभर खिडकीशी बसून काढली.

शेजारच्या घरात एक इटालियन आजोबा एकटेच राहत. ऐंशी उलटलेले. गाड्यांच्या कारखान्यात उभं आयुष्य गेलं, बायको वारलेली, एकुलती मुलगी कॅलिफोर्नियात. मी त्यांना नावाने हाक मारावी असं त्यांनी फार सांगितलं, पण माझ्या तोंडून ते कधी निघालं नाही. घरी आम्ही त्यांना आजोबाच म्हणत असू. २००४ च्या हिवाळ्यात त्यांच्या डोळ्यांचा त्रास वाढला. समोरचं नेमकं मधलंच दिसायचं नाही, कडेकडेचं दिसायचं. माझ्याशी बोलताना ते माझ्या कानाकडे बघत. पत्रं वाचून द्यायला म्हणून मी एक दिवस गेले, आणि मग रोज जायला लागले.

ते इटलीतल्या इझेओ सरोवराकडचे. सरोवराच्या मधोमध डोंगरासारखं उभं असलेलं एक बेट आहे, मोंते इझोला. तिथे त्यांचा जन्म. आई मासेमारीची जाळी विणायची. विसाव्या वर्षी बेट सोडलं ते परत पाऊल टाकलं नाही. आधी कामाची गडबड, मग मुलीचं शिक्षण, मग बायकोचं आजारपण. आईच्या मातीलाही ते गेले नव्हते. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं.

इझेओ हे हिमनदीने कोरलेलं सरोवर. ते कळल्यावर मीच जास्त पेटले. लायब्ररीतून त्या भागाची पुस्तकं आणली, त्यांना मोठ्याने वाचून दाखवायला लागले. बेटाच्या माथ्यावरचं मरियमचं देऊळ, पडका किल्ला, कड्याच्या पोटातून जाणारा जुना रस्ता, उत्तरेच्या खोऱ्यात खडकांवर आदिमानवाने कोरलेली हरणं. ते मान हलवत, मधेच उच्चार दुरुस्त करत. मग एके दिवशी म्हणाले, "पुस्तक मिट. मला जायचंय."

मुलीने फोनवर साफ नाही म्हटलं. तिचं चूक नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात मी रजा काढून सोबत येते, तोवर थांबा, असं तिने विनवून सांगितलं. आजोबांना थांबायचं नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कडेचंही दिसणं गेलं तर मी तिथे जाऊन काय बघू, असं ते मला म्हणाले. मला ते पटलं. तिकीट मीच ऑनलाइन काढलं. एअरलाइनला फोन करून व्हीलचेअर सांगितली. बेटासमोरच्या काठावर, बोटीच्या धक्क्याशी एक छोटं हॉटेल शोधलं.

नवरा एकदा जेवताना म्हणाला, "अगं, तू त्यांची ट्रॅव्हल एजंट आहेस का? उद्या काही झालं तर आपल्या गळ्यात येईल."

मी म्हटलं, "तू मध्ये पडू नकोस."

त्यांच्या यादीत तीन दिवसांचंच काम होतं. आईची कबर. जिथे बाप्तिस्मा झाला ते चर्च. आणि काठावर बसून जाळी विणणाऱ्या बायका, अजून असल्या तर. बाकीचे दिवस नुसतं बसून राहीन म्हणाले. चौथा दिवस मी घातला.

सरोवराच्या पूर्वेला डोंगरात झोने नावाचं गाव आहे. तिथे हिमनदीने आणून टाकलेली माती पावसाने वाहून जाते, पण जिथे वर मोठा धोंडा असतो तिथली माती त्याच्या आडोशाने वाचते. म्हणून मातीचे उंचच उंच खांब उभे राहिलेत, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक धोंडा. त्यांची आकृती मी दर वर्षी फळ्यावर काढत असे. आमच्या व्हिसाचे कागद तेव्हा अडकलेले होते, देशाबाहेर गेलो तर परत येता येईल याची खात्री नव्हती. मला ते खांब बघायला मिळणार नव्हते.

आजोबांना त्याचं काही नव्हतं. "आम्ही पोरंसुद्धा कधी गेलो नाही तिकडे. माती बघायला कोण डोंगर चढतं?"

मी त्यांना अंगणात नेलं. जुन्या ट्रेमध्ये ओली माती दाबून भरली, वर खडे ठेवले आणि पाइपने बारीक पाणी सोडलं. हळूहळू माती वाहून गेली, खड्यांखाली बोटभर उंचीचे खांब उरले. त्यांना ते कितपत दिसलं कोण जाणे. मी मात्र वर्गात बोलायचे तशी अर्धा तास बोलत होते. बोलून झाल्यावर त्यांनी माझ्या कानाकडे बघत म्हटलं, "बरं. चौथ्या दिवशी. तुझ्यासाठी बघून येतो."

मी जाड मार्करने, एका पानावर एक दिवस, अशी वही करून दिली. कुठली गाडी, कुठे उतरायचं, पुढची बस कुठे मिळेल. सप्टेंबरच्या शेवटी मी त्यांना विमानतळावर सोडलं. मुलीला त्यांनी निघायच्या आदल्या दिवशी सांगितलं होतं. ती माझ्याशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोनला त्यांचा फोन आला. तिकडे संध्याकाळ. कबर सापडली होती. दगडावर आईचा फोटो बसवलेला आहे, पण तो मला बोटांनीच बघावा लागला, म्हणाले. जाळी आता यंत्रावर होतात, फुटबॉलच्या गोलाची. काठावर बायका नव्हत्या. त्यांच्या ओळखीचं जिवंत माणूस एकही सापडलं नाही. हे सगळं त्यांनी शांतपणे सांगितलं. मग म्हणाले, गुडघे फार दुखतायत, दुपारपासून पाऊसही आहे, उद्याचं राहू दे का?

त्यावर मी काय बोलले ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी म्हटलं, "तुम्हाला जमेल तसं करा. पण एवढ्या जवळ गेलाच आहात, तर..."

वाक्य मी पुरंही केलं नाही. ते म्हणाले, "खरं आहे. जवळ आलोच आहे."

पुढचे दोन दिवस फोन नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलीचा आला. ती कॅलिफोर्नियाच्या विमानतळावर होती. झोनेला खांबांकडे उतरणारी पायवाट आहे, तिथे पावसाने निसरडं झालं होतं. वडील पडले. किती वेळ पडून होते माहीत नाही, फिरायला आलेल्या एका जोडप्याला दिसले. खुब्याचं हाड मोडलंय, ऑपरेशन झालंय. इन्शुरन्सचे कागद घरात कुठे असतात तुला ठाऊक आहे का, एवढंच तिने विचारलं. त्यांच्या घराची किल्ली माझ्याकडे होती. मी कागद शोधून फॅक्स केले.

त्या फोननंतर अकराव्या दिवशी न्यूमोनियाने ते गेले. मुलीने त्यांना बेटावरच, त्यांच्या आईशेजारी पुरलं.

त्या अकरा दिवसांत मी घरात काय करत होते ते मला नीट आठवत नाही. भांडी घासली जात होती, डबा भरला जात होता. नवरा एकदाही 'मी सांगितलं होतं' असं म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं.

नोव्हेंबरात मुलगी घर आवरायला आली. मी गेले तेव्हा ती जमिनीवर बसून खोकी भरत होती. पन्नाशीची बाई, वडिलांसारखंच रुंद कपाळ. मी दारातच उभी राहिले. तिने मला बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. थोड्या वेळाने हात थांबवून विचारलं, "मला एकच सांग. त्यांच्या आईची कबर मी समजू शकते. चर्च समजू शकते. पण बाबा त्या डोंगरात कशाला गेले? त्या खांबांचं नाव मी त्यांच्या तोंडून आयुष्यात कधी ऐकलं नाही."

खरं सांगायचं म्हणूनच मी गेले होते. रात्रभर इंग्रजी वाक्यं जुळवली होती.

मी म्हटलं, "त्यांची फार इच्छा होती. लहानपणी जायचं राहून गेलं होतं."

तिने डोळे मिटले. मग रडायला लागली, आणि रडता रडता म्हणाली, "मग ठीक आहे. म्हणजे जे हवं होतं ते बघायलाच गेले होते." तिने माझा हात धरला. त्या हातातून माझा हात सोडवून घेऊन खरं सांगणं मला जमलं नाही. खोटं बोलले ते तिच्यासाठी की माझ्यासाठी, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं. पहिला शब्द निघाला तो माझ्यासाठी होता, एवढं नक्की.

दोन दिवसांनी चर्चमध्ये त्यांच्यासाठी प्रार्थना होती. कारखान्यातले म्हातारे सोबती, गल्लीतले चार-सहाजण, आणि मागच्या बाकावर आम्ही दोघं. मुलगी बोलायला उभी राहिली. वडिलांच्या कष्टांबद्दल बोलली, आईबद्दल बोलली. शेवटी म्हणाली, माझ्या बाबांनी लहानपणापासून उराशी एक स्वप्न बाळगलं होतं, त्यांच्या डोंगरातले ते मातीचे खांब एकदा बघायचे. साठ वर्षं त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही, आणि शेवटच्या दिवसांत ते पुरं केलं. म्हातारे माना हलवत होते. एकाने रुमाल काढला. धर्मगुरूंनीही नंतर त्या खांबांचा दाखला देऊन काहीतरी सांगितलं.

एक माणूस खरोखर कशासाठी झुरत होता, ते माझ्या एका वाक्याने पुसलं गेलं होतं. काठावरच्या बायका, आईचे हात, काही उरलं नव्हतं. आता त्यांची नातवंडंसुद्धा हीच गोष्ट सांगतील.

बाहेर बर्फमिश्रित पाऊस लागला होता. गाडीत बसल्यावर नवऱ्याने वायपर सुरू केले. मग त्याने विचारलं, "आजोबा तर सारखं जाळ्यांबद्दल बोलायचे ना? खांबांचं तू म्हणायचीस."

मी म्हटलं, "समोर बघून ड्राइव्ह कर. रस्ता निसरडा आहे."

त्याने पुन्हा विचारलं नाही. पुढच्या वर्षी त्याला शेजारच्या ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी नोकरी मिळाली आणि आम्ही तिकडे गेलो.