पुस्तकातला आवाज

अंबाजोगाईत मी ज्यांच्याकडे दाढी करायला जातो, ते वस्तरा हातात असताना फारसं बोलत नाहीत. पण दुपारी गर्दी नसली, की आरशामागची जाडजूड चित्रकथा काढून मोठ्यानं वाचत बसायचे. नायकाचं वाक्य आलं, की त्यांचा आवाज एकदम घोगरा व्हायचा, मध्येच अडखळायचा. कुणी हसलं तर म्हणायचे, "आमचा दादा मला असाच वाचून दाखवायचा." दादा जाऊन बरीच वर्षं झाली होती.

त्या चित्रकथेवर पिक्चर आला. ते दुकान बंद ठेवून बघून आले. दुसऱ्या दिवशी दुकानात तोच विषय. कुणी म्हणे, "लई भारी!" कुणाला नायकाचा डगला पुस्तकातल्यासारखा नाही म्हणून राग. ते मात्र मान खाली घालून वस्तरा पुसत राहिले.

त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हणालो, "नायकाचा आवाज अगदी शोभतो हं."

त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"लई चांगला हाय, सर. डोक्यातून जातच न्हाई."

मग चित्रकथा काढून माझ्या मांडीवर ठेवली.

"तुमीच न्या. उघडलं की आता तोच बोलतो. दादा बोलंना झालाय."