भिमाबाईंचा उंबर

माझी सून हल्ली जेवतानासुद्धा मोबाइलवर भांडत असते. परवा विचारलं तर म्हणाली, कुणीतरी कुणाचं तरी गाणं उचललंय आणि त्यावरून हजारभर लोक एकमेकांवर तुटून पडलेत. कुणी म्हणतं चोरी, कुणी म्हणतं एकदा बाहेर पडलेलं गाणं सगळ्यांचं, कुणी कायद्याची कलमं तोंडावर फेकतंय, आणि कुणी विचारतंय की आधीच कुलूप का नाही लावलं. मला हसू आलं. हेच भांडण आम्ही चौऱ्याऐंशी साली लोहाऱ्यात माणिकप्पाच्या हॉटेलात बसून केलं होतं, तेही समोरासमोर, नावगाव न लपवता. आणि कुलपाचं म्हणाल तर भिमाबाई सरवदेंनी असं कुलूप लावलं होतं, की भल्याभल्या वकिलाला सुचलं नसतं. सही येत नव्हती, अंगठा उठवायच्या. त्यांचं सांगायला बसलं की आजही माझ्या अंगावर काटा येतो आणि मानही खाली जाते.

मी गुरुसिद्धप्पा. एसटी स्टँडसमोर माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, दुकानामागंच घर; शिवाय लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचो. पंचक्रोशीत लग्न असो, सोसायटीची सभा असो की जयंती, कर्णा माझाच. त्यामुळं गावाचा आवाज आपल्याच हातात आहे असं मला वाटायचं. चार स्क्रू फिरवता आले की माणसाला असं वाटायला लागतं.

भिमाबाईंना मात्र माझ्या कर्ण्याची गरज नव्हती. बाहत्तरच्या दुष्काळात त्या पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला होत्या, तेव्हा त्यांचा आवाज तलावाच्या या काठावरून त्या काठावर जायचा. पन्नास बायका ओळीनं बसून हातोडे मारायच्या. ठेका चुकला की शेजारणीच्या बोटावर हातोडा. म्हणून सगळ्यांचे हात एका तालात पडावेत यासाठी भिमाबाईंनी गाणं रचलं. त्यातलं चौथं कडवं असं:

खडी फोडते, खडी गं बाई,
हातोड्याला ताल नवा;
लिंबाखाली झोळी माझी,
लेकराला लागू दे हवा.

अशी अकरा कडवी, प्रत्येकाची सुरुवात 'खडी फोडते'नंच. त्यात मुकादम होता, कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीचं पोतं होतं, तलावात न आलेलं पाणी होतं. आमच्या तलावाचं काम संपल्यावर त्या जेवळीच्या कामावर गेल्या, तिथून माकणीच्या. जातील तिथं बायकांना गाणं शिकवलं. दुष्काळ सरला, खडीची कामं बंद झाली, पण गाणं राहिलं. जात्यावर, खुरपणीत, बारशाला, जिथं चार बाया जमतील तिथं ते चालायचं.

पुढं आमच्याकडं बायकांची दूध सोसायटी निघाली, तिच्यात भिमाबाई पहिल्या दहा सभासदांत होत्या. त्र्याऐंशी साली सोसायटीचा बंद पडलेला रेडिओ घेऊन त्या दुकानात आल्या. त्याच आठवड्यात मी नवा टेपरेकॉर्डर आणि चांगला माइक आणला होता आणि तो कुणाच्या तरी आवाजावर तपासायला माझे हात शिवशिवत होते.

"मावशी, ते खडीचं गाणं म्हणा की," मी म्हणालो.

"दुकानात?"

"दुकानातच. बघा तर, डब्यात बसतंय का."

त्यांनी मागच्या खिडकीतून परसात एकदा पाहिलं आणि सुरू केलं. अकराच्या अकरा कडवी, मध्ये श्वास कुठं घेतला तेही कळलं नाही. फक्त एका जागी चुकल्या असं मला वाटलं. लिंबाखाली म्हणायच्या ऐवजी उंबराखाली म्हणाल्या. मी म्हणालो, "मावशी, लिंब ना?" तर म्हणाल्या, "तुझ्या परसात उंबर हाय न्हवं? मग तुझ्या घरी उंबरच." मी मान डोलावली आणि विसरून गेलो. मग टेप उलटी फिरवून लावली. स्वतःचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा ऐकताना त्यांचा चेहरा असा फुलला, की दुरुस्तीला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा रेडिओ विसरून बघत राहिलं.

"ही बाई बरी म्हणती," त्या म्हणाल्या. "फकस्त दम लई हाय मेलीला."

आता माझ्या मूर्खपणाचं सांगतो. सोलापूरकडून बंडप्पा नावाचा एक माणूस कोऱ्या कॅसेटी विकायला यायचा. माझा माइक किती साफ आवाज पकडतो हे त्याला दाखवायचं म्हणून मी ती टेप लावली. त्यानं तीनदा ऐकली आणि म्हणाला, "आप्पा, दोन दिवसांसाठी द्या, आमच्या मालकांना तुमची करामत दाखवतो." माझी करामत म्हटल्यावर मी विरघळलो. टेप दिली. भिमाबाईंना विचारावं हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. टेप परत आली, मीही ती फडताळात ठेवून दिली.

चार महिन्यांनी एका जीपमधून ढोलकी-पेटीसह 'खडी फोडते' ऐकू आलं. कॅसेटवर रंगीत कागद होता: गीत, संगीत आणि सादरकर्ते, बंडप्पा आणि पार्टी. पंधरा दिवसांत तुळजापूरच्या दुकानांपासून परंड्याच्या स्टँडपर्यंत तेच गाणं. गाणं माझ्याच टेपवरून गेलंय हे मला लगेच कळलं. पण मी तोंड उघडलं नाही. उलट माणिकप्पाच्या हॉटेलात भिमाबाईंच्या बाजूनं सगळ्यात मोठ्यानं मीच बोलायला लागलो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

आणि काय भांडण पेटलं होतं! सकाळच्या पहिल्या चहापासून दुपारच्या उमरगा गाडीपर्यंत. माणिकप्पा स्वतः म्हणायचा, "बी शेजाऱ्याला दिलं, त्यानं पेरलं, तर कणीस कुणाचं? त्याचंच की." मी टेबलावर हात आपटायचो, "कणीस त्याचं, पण बी कुणाच्या घरचं हे तर सांगशील का न्हाय?" कुणी म्हणायचं, गाणं हवेत गेलं की हवेचं. कुणी म्हणायचं, मग बंडप्पानं कॅसेटवर हवेचं नाव का न्हाय छापलं? नानासाहेब वकील दर गुरुवारी यायचे, त्यांना विचारलं. ते म्हणाले, "कायदा आहे, सत्तावन्न सालचा. गाणं ज्यानं रचलं त्याचंच. पण तिनंच रचलं, आणि ह्यांनी तिथूनच उचललं, ह्याला पुरावा काय?" पुरावा माझ्या फडताळात होता, आणि बाहेर काढला तर आधी माझंच नाव निघणार होतं.

एकदा भिमाबाई दुधाची किटली घेऊन हॉटेलावरून चालल्या होत्या. माणिकप्पानं हटकलं, "भिमाबाई, तुमचं म्हणणं काय?"

"गावा की. कोण नगं म्हणतंय," त्या म्हणाल्या. "तीन गावच्या बायकांना म्याच शिकवलंय. पर दुसऱ्याच्या नावानं गाऊ नगा. माझ्या लेकराला कुणी दुसऱ्याचं म्हणलं तर म्या ऐकून घ्यावं व्हय?"

मग आली चौदा एप्रिल. बुद्धविहारापुढं मांडव, दुपारी चारला गायनाची स्पर्धा, आणि अट अशी की स्वतः रचलेलंच गाणं म्हणायचं. जेवळी-माकणीहून ट्रॅक्टर भरून माणसं आलेली. मी ॲम्प्लिफायरपाशी बसलो होतो. भिमाबाई पांढरं धुतलेलं लुगडं नेसून स्टेजवर चढल्या आणि पहिली ओळ म्हणतात न म्हणतात तोच मांडवातून कुणीतरी ओरडलं, "हे कॅसेटमधलं हाय." मागून हशा. कमिटीचे अध्यक्ष तात्याराव मास्तर सरळ माणूस, पण नियमाचे पक्के. ते उठले आणि हात जोडून म्हणाले, "भिमाबाई, राग मानू नका. गाणं बाजारात बंडप्पाच्या नावावर आहे. तुमचं आहे हे दाखवता येत नसेल तर खाली उतरावं लागेल."

ज्या गाण्यावर तीन गावच्या बायकांनी हातोडे उचलले, त्याच गाण्याची चोर म्हणून त्यांना त्यांच्याच माणसांपुढून खाली उतरायचं होतं. तशा उतरल्या असत्या तर पुन्हा तोंड उघडलं नसतं त्यांनी, हे मला पक्कं ठाऊक होतं.

भिमाबाई उतरल्या नाहीत. त्यांनी पदर खोचला.

"जेवळीची मथुराबाई हाय का? उठ बाई. चौथं कडवं म्हण."

मथुराबाई उभी राहिली आणि तिनं म्हटलं. चिंचेखाली झोळी माझी.

"माकणीची बनाबाई?"

बनाबाईनं म्हटलं, बाभळीखाली झोळी माझी.

मग आमच्या लोहाऱ्याच्या बायका न सांगता एकदम उठल्या. लिंबाखाली झोळी माझी. आता मांडवात हशा नव्हता. जो तो मान वर करून बघत होता.

"मास्तर," भिमाबाई म्हणाल्या, "लोहाऱ्याच्या तलावावर झोळ्या लिंबाला होत्या. जेवळीला चिंचेला, माकणीला बाभळीला. ज्या कामावर गेले, तिथलं झाड त्या बायकांना घालून दिलं. गाणं माझं, झाड तुमचं. म्हणून कुठल्या बी लगनात माझं गाणं कानावर आलं की झाडावरनं मला उमगतं, कुणाच्या घरनं निघून आलंय ते. एकीचं झाड दुसरीला कधी दिलं न्हाय. आता ती कॅसेट लावा."

माणिकप्पानं हॉटेलातली कॅसेट पळत जाऊन आणली. मीच ती टेपमध्ये घातली, मीच बटण दाबलं. पेटी वाजली, ढोलकी वाजली, आणि माझ्याच कर्ण्यातून साऱ्या गावाला ऐकू गेलं: उंबराखाली झोळी माझी.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या दिवशी दुकानात त्या चुकल्या नव्हत्या.

"उंबर कुठल्याच कामावर नव्हता," भिमाबाई म्हणाल्या. "उंबर म्या एकाच घरी गायला, एकाच येळंला. ज्याच्या घरी गायला त्यानं उठून सांगावं. म्या त्याचं नाव घेणार न्हाय."

आणि त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. जीपमध्ये गाणं पहिल्यांदा वाजलं त्या दिवसापासून त्यांना माहीत होतं, आणि रोज माझ्या दुकानावरून किटली घेऊन जाताना त्या "आप्पा, बरं हाय न्हवं?" असं विचारत होत्या. माझा हात माइकच्या बटणावर होता. फिरवलं असतं तर मशिन बिघडलं म्हणून सांगता आलं असतं, आणि सगळ्यांनी विश्वास ठेवला असता. लाज वाटते, पण तो विचार मनात येऊन गेला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तसा मी तिथं बसलो होतो.

मी उठलो. स्टेजवर गेलो आणि माइकसमोर उभा राहिलो. आयुष्यभर माइक दुरुस्त केले, पण त्यात बोलायची ती पहिलीच वेळ. "उंबर माझ्या परसात आहे," मी म्हणालो. "टेप मी केली. बंडप्पाला मी दिली. मावशींना न विचारता. टेप अजून माझ्या फडताळात आहे, तारखेसकट."

मांडव उसळला. जेवळीच्या बायका टाळ्या वाजवत होत्या, काही माणसं माझ्या नावानं बोंबलत होती, नानासाहेब वकील खुर्चीवर उभे राहून "पुरावा, हा पुरावा" म्हणत होते. तात्याराव मास्तरांनी सगळ्यांना हातानं खाली बसवलं, भिमाबाईंपुढं वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "म्हणा." मग त्यांनी अकरा कडवी म्हटली. चौथ्या कडव्याला तीन गावच्या बायकांनी आपापलं झाड मोठ्यानं म्हटलं, आणि त्या गोंधळात ठेका एकदाही चुकला नाही. मी खाली बसून रडलो. नंबर मात्र दुसरा आला, कारण परीक्षकांना पहिला नंबर आधीच ठरवून बसायची सवय होती. भिमाबाई त्यावर महिनाभर हसत होत्या.

वकिलांनी तिन्ही गावांच्या बायकांचे अंगठे आणि माझी सही घेऊन नोटीस पाठवली. बंडप्पा आला, पुष्कळ उड्या मारल्या, शेवटी उरलेल्या साऱ्या कॅसेटींवर नवा कागद चिकटवला: गीत, भिमाबाई सरवदे, लोहारा. माणिकप्पानं एका कॅसेटवरचा कागद काढून हॉटेलात गल्ल्यामागं लावला. मी तशीच एक कॅसेट घेऊन भिमाबाईंच्या घरी गेलो. त्यांनी कागदावरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ह्यात माझं नाव कुठनं कुठवर हाय?" मी दाखवलं. त्यांनी दोनदा बोट फिरवलं.

आठ दिवसांनी त्या दुकानात आल्या. मला वाटलं, जुनी टेप मागायला आल्या. स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "लाव मशिन."

"मावशी, माझ्याकडं? पुन्हा?"

"चुकी केलीस, पर चारचौघांत उठलास. उठणारं माणूस कामाचं असतंय." आणि अकरा कडवी पुन्हा म्हटली. चौथ्या कडव्यात या वेळी उंबर नव्हता. कुठल्याच गावाचं झाड नव्हतं. टेप बंद केल्यावर म्हणाल्या, "हे तुझं झाड, आप्पा. आता ध्यान ठेव."

भिमाबाई जाऊन सोळा वर्षं झाली. लिंब, चिंच, बाभूळ अजून त्या त्या गावात गायली जातात. उंबर तर आता मोबाइलवर कुठंही सापडतो. सून मागं लागली आहे की ती दुसरी टेपही सगळ्यांना ऐकवू. मी म्हणालो, आधी त्यांच्या लेकीला विचारून ये. ती हो म्हणेपर्यंत टेप फडताळातच राहील.

चौथ्या कडव्यातलं ते झाड कोणतं, हे मी आजवर बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही आणि इथंही लिहीत नाही. ते कधी कुठं ऐकू आलं, तर तीन गावच्या बायकांना विचारत बसू नका. ते माझ्याच घरून गेलेलं असेल.