दोन जादा भोकं

तुम्ही नातवंडं परदेशातून संगणकाच्या बातम्या एकमेकांना पाठवता, तेव्हा सोलापुरात फौजदार असतानाचं ते प्रकरण मला हटकून आठवतं. नावं सांगणार नाही.

आणीबाणीचे दिवस होते. ठाण्यात निनावी पत्र आलं: कॉलेजच्या प्रयोगशाळेतला साहाय्यक गुप्त संदेशांची वही फिरवतो. झडतीत वही मिळाली. आत ट्रान्झिस्टर, गणकयंत्रं, संगणक यांच्याविषयीची इंग्रजी कात्रणं. सात-आठ हौशी माणसं ती वाचायची, खाली शेरा लिहायची आणि वही एसटीच्या कंडक्टरबरोबर पुढच्याकडे पाठवायची. एक वाचक तर सांगोल्याचा.

इंग्रजी येतं म्हणून तपास माझ्याकडे आला. कात्रणं निरुपद्रवी होती. संशय होता तो आत ठेवलेल्या, भोकं पाडलेल्या एका जाड कार्डावर. शेजारी शेरा होता: ‘संगणकही अशीच भोकं वाचतो.’

साहाय्यकाला मुंबईच्या एका संगणक केंद्रात नोकरी लागली होती. चारित्र्य पडताळणीचा अहवाल मीच पाठवायचा होता. तो प्रतिकूल गेला की नोकरी गेली.

"कार्ड कुणाचं?" मी विचारलं.

"शब्द दिलाय. सांगता येत नाही."

"नोकरी जाईल."

"जाऊ दे. कार्ड तेवढं दुमडू नका."

चौकशीत माणूस बहुधा स्वतःची काळजी करतो. हा कार्डाची करत होता. मी ते नाकाशी नेलं. मागाच्या तेलाचा वास आला.

नातेपुत्याचे आमचे हवालदार म्हणाले, "बाईसाहेब, आता वासावर चोर धरायचा व्हय?"

"चला, मागांच्या गल्लीत."

तिसऱ्या कारखान्यात एक माग बंद होता. वर नक्षी ठरवणाऱ्या, भोकं पाडलेल्या कार्डांची ओवलेली माळ, मधलं एक गायब. म्हातारे तेलुगू विणकर माझ्या हातातलं कार्ड पाहताच उठले.

"त्या कॉलेजातल्या पोराची चूक न्हाय, बाई. चादर उतरायच्या आधी नक्षी दिसली, की शेजारचा मागवाला तीच विणून मोकळा होतो. त्याला दोस्तांना दाखवायचं होतं, एक कार्ड दिलं, माझं नाव घेऊ नको म्हनलं. त्यात बाँब न्हाय, मोर हाय."

त्यांनी कार्ड ओवलं, माग सुरू केला. हळूहळू मोर उमटला. पण चोचीखाली दोन बारीक ठिपके आले.

"हे माझे न्हाईत," विणकर म्हणाले.

मी हवालदारांकडे पाहिलं. ते छताकडे पाहू लागले. कुठलाही कागद फाईलला टॅगनेच लावायचा ही त्यांची शिस्त. कार्डालाही त्यांनी पंच मारून दोन भोकं पाडली होती.

"नवं कार्ड पाडून घ्या, आम्ही चुकलो," मी म्हणाले.

विणकर हसले. "ऱ्हाऊ दे की. पोलिसांनी मोराला दोन दानं टाकलं."

त्याच दिवशी मी ‘आक्षेप नाही’ असा अहवाल पाठवला. साहाय्यक मुंबईला रुजू झाला.

गप्प राहणारा प्रत्येक जण गुन्हा लपवत नसतो. एखादा दुसऱ्याची मेहनत राखत असतो. त्यानंतर कुणाच्या मौनावर शेरा लिहिण्याआधी मी एकदा त्याच्या गल्लीत जाऊन येत असे.

ती चादर बाजारात आली, तेव्हा मी पूर्ण किंमत देऊन घेतली. इथे आलात की तुम्ही तीच पांघरता. पुढच्या वेळी मोराच्या चोचीखाली बोट फिरवून पाहा.