दहापैकी किती

रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं त्याच्या पुढच्या वर्षी मी तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरी गणिताची ट्यूशन सुरू केली. माझं बी.एस्सी. झालं होतं, नोकरी नव्हती, आणि रायपुरात एकाएकी माणसं वाढली होती. भोपाळहून बदलीवर आलेली कुटुंबं रिकाम्या खोल्या विचारत गल्लोगल्ली फिरायची. त्यांची मुलं नव्या शाळांमध्ये गेली आणि गणितात अडकली. माझ्याकडे पाच जण आले, तिसरी ते पाचवीतले. दुपारी चार ते साडेपाच, समोरच्या खोलीत सतरंजी टाकून आम्ही बसायचो.

त्यांतली एक चौथीतली मुलगी. जुलैत तिचे वडील तिला स्कूटरवर घेऊन आले. मूळचे भंडाऱ्याकडचे, नोकरीची सगळी वर्षं भोपाळला गेलेली, आता इथल्या एका सरकारी ऑफिसात बाबू. शंकर नगरात किरायाने राहत होते. इस्त्रीचा शर्ट, हळू आवाज. ट्यूशनला मराठी घर मिळालं याचा त्यांना आनंद झाला होता.

"पोट्टी हुशार आहे मॅडम," ते म्हणाले, "फक्त लक्ष नाही देत. तुम्ही एक करा. रोज शेवटी दहा गणितं द्या. दहापैकी किती आले ते हिच्या डायरीत लिहा, खाली सही करा. मी रोज पाहीन."

डायरी ते घरूनच आखून घेऊन आले होते. तारीख, मार्क, सही, असे रकाने पाडलेले. ते गेल्यावर आई म्हणाली, "असा बाप पाहिजे. नाही तर लोकांले आपलं पोरगं कोणत्या वर्गात आहे तेही माहीत नसते." मलाही तसंच वाटलं. मी बाजारातून नवा लाल पेन आणला.

मुलगी खरंच हुशार होती. तोंडी हिशोबात पाचवीवाल्यांनाही मागे टाकायची. पण वहीवर वजाबाकी आली आणि वरच्या संख्येत शून्य दिसलं, की तिचा हात थांबायचा. तीनशे दोनमधून एकशे अठ्ठावन्न घालवायचे, तर दोनातून आठ जात नाहीत. उसना घ्यायला शेजारी जावं तर तिथे शून्य. मग ती घाबरून उलटंच करायची, आठातून दोन काढायची. उत्तर दोनशे छप्पन्न. मी समजवायची, ती मान हलवायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

डायरीत मी जे येतील ते मार्क लिहायची. सहा. पाच. एकदा चार. एका दिवशी सहा लिहून मी सही करत होते तेव्हा ती अगदी हळू म्हणाली, "दीदी, सात कर दो ना."

"सहा आले तर सहाच," मी म्हटलं. नवी नवी मास्तरीण होते. तिने वाद घातला नाही. लाल शाई वाळावी म्हणून त्या सहावर फुंकर मारली आणि डायरी दप्तरात ठेवली.

ऑगस्टचा उकाडा होता. बाकीची मुलं दारातच बूट-मोजे काढून पळत आत यायची. ही बूट काढायची, मोजे नाही. गुडघ्यापर्यंत ओढलेले शाळेचे पांढरे मोजे. मांडी घालूनही बसेना. एक दिवस म्हणाली, "दीदी, मैं खड़े-खड़े लिखूँ?" मला वाटलं, नखरे करते. मी तिला खाली बसवलं. ती बसली तेव्हा तिचे ओठ एकमेकांवर दाबलेले मला दिसले, आणि तरीही मी काही विचारलं नाही.

सांगितलं ते दुसऱ्याच मुलीने. पाचवीतली एक जण त्यांच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहायची. एका संध्याकाळी सगळे गेल्यावर ती दारापाशी घुटमळली. मग पटकन म्हणाली, "दीदी, इसको छह मत दिया करो."

"काहून?"

"आठ से कम आए तो अंकल स्केल से मारते हैं. जितने कम, उतने. हमारे घर तक आवाज़ आती है."

दुसऱ्या दिवशी मी मुलीला स्वयंपाकघरात नेलं आणि मोजा खाली करायला सांगितलं. तिने केला. पोटरीवर आडव्या पट्ट्या होत्या, काही हिरवट झालेल्या, दोन ताज्या.

"पापा ने?"

"गिर गई थी," ती म्हणाली आणि मोजा वर ओढला.

तिचं दप्तर सतरंजीवर होतं. मी डायरी काढून पानं उलटली. चार, सहा, पाच, सात, सहा. प्रत्येकाखाली माझी सही, वळणदार, खाली रेघ ओढलेली. मी मनातल्या मनात पट्ट्यांची बेरीज सुरू केली आणि अर्ध्यातच सोडून दिली.

बाबा तेव्हा रेल्वेतून नुकतेच रिटायर झाले होते. रात्री जेवताना मी त्यांना सगळं सांगितलं.

"दुसऱ्याच्या घरात आपण काहून पडाचं?" ते म्हणाले. "पोट्टी त्याची आहे. तू बोलली तर तो तिले तुझ्याकडून काढून घेईल. मारणं थोडीच थांबणार?"

त्यात खोटं काही नव्हतं, म्हणूनच मला राग आला. मग मी माझ्या अकलेने रस्ता काढला. दहापैकी आठ गणितं शून्य नसलेली द्यायची. ती तिला येत. बाकीची दोन चुकली तरी आठ पडत. ज्या दिवशी त्या आठांतलीही जमेनात, त्या दिवशी मी सरळ आठ लिहायची, कधी नऊ. पहिल्यांदा खोटा आठ लिहिला तेव्हा तिने आधी डायरीकडे पाहिलं, मग वहीकडे, मग माझ्याकडे. आम्हा दोघींमध्ये त्याबद्दल कधीच बोलणं झालं नाही.

साडेपाचला स्कूटरचा आवाज यायचा. ते फाटकापाशीच डायरी मागायचे, स्कूटर बंद न करता, एका हातात धरून वाचायचे. ती शेजारी उभी, दप्तराचा पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरून. मी दारात, काहीतरी आवरण्याचं सोंग करत.

"आठ. बरं."

कधी तिथेच विचारायचे, "सांग, हजारातून तीनशे सदुसष्ट गेले?" तोंडी ती क्षणात सांगायची, "छह सौ तैंतीस." ते खूश व्हायचे. दिवाळीला त्यांच्या घरून फराळाचा डबा आला. "तुमच्या हाताले गुण आहे मॅडम," म्हणाले. तो डबा मी न उघडताच आईकडे दिला.

मोजे गेले. ती मांडी घालून बसायला लागली, पाचवीवालीशी भांडायलाही लागली. मला वाटलं, आपण जिंकलो. पण शून्याची वजाबाकी तिला अजूनही येत नव्हती, कारण ती मी शिकवणंच सोडलं होतं. अवघड गणित दिलं की तिचा चेहरा उतरायचा, आणि तो उतरलेला चेहरा मला बघवायचा नाही. छमाही परीक्षा जवळ येत होती आणि मी रोज दिवस ढकलत होते.

छमाहीचा पेपर डिसेंबरात मिळाला. त्या दिवशी चार वाजता ते तिच्याबरोबर आत आले. आजवर ते कधी उंबरठ्याच्या आत आले नव्हते. बाकीची चार मुलं वह्या उघडून बसलेली, एकाची आई त्याला सोडून दारातच बोलत उभी. त्यांनी सतरंजीवर माझ्यासमोर दोन गोष्टी ठेवल्या. डायरी, आणि शाळेचा पेपर. पेपरावर पन्नासपैकी एकोणीस.

"इथं रोज आठ, नऊ," ते हळूच म्हणाले. आवाज त्यांचा तेव्हाही चढला नाही. "आणि इथं हे. ही म्हणते, डायरीत मार्क हिनेच लिहिले. तुमचा लाल पेन घेऊन. तुम्ही फक्त सांगा मॅडम, हे अक्षर तुमचं का हिचं?"

मी मुलीकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. खिडकीकडे पाहत होती, एखाद्या दुसऱ्याच कोणाबद्दल बोलणं चाललंय तशी. नऊ वर्षांच्या पोरीने मला वाचवायला स्वतःवर घेतलं होतं.

दारातली बाई ऐकत होती. ही गोष्ट उद्या गल्लीभर होणार, ट्यूशन बंद पडणार, हे सगळं माझ्या डोक्यातून गेलं. "नाही, माझं अक्षर नाही," एवढं म्हणायचा अवकाश होता. माझी सुटका तिने आधीच करून ठेवली होती. तो मोह मला झाला होता, हे मी आज लिहून टाकते.

"मी लिहिले," मी म्हटलं. "खोटे मार्क मी दिले. तिचा काही दोष नाही."

"काहून?"

"तुम्ही मारता म्हणून, भाऊ. आठाच्या खाली एकेका मार्काला एकेक पट्टी. मी तिच्या पोटऱ्या पाहिल्या."

त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. दारातल्या बाईकडे त्यांची नजर गेली. ते वाकले, डायरी आणि पेपर उचलला.

"माझी पोट्टी आहे," ते म्हणाले. "तुम्ही कोण?" आणि मुलीचं मनगट धरून निघून गेले. स्कूटर पहिल्या किकला सुरू झाली नाही. दुसऱ्या, तिसऱ्या किकचा आवाज आम्ही सगळे ऐकत राहिलो.

मी मुलांना सुट्टी दिली आणि आत जाऊन रडायला लागले. आता घरी तिचं काय होणार, एवढंच डोक्यात होतं. बाबांनी मागच्या खोलीतून सगळं ऐकलं होतं. ते बाहेर आले तेव्हा पायांत चपला होत्या आणि अंगात बाहेर जायचा सदरा.

"चाल," ते म्हणाले. "घर दाखव."

"तुम्हीच तर म्हणाले होते, दुसऱ्याच्या घरात—"

"म्हणालो होतो. चाल आता."

आम्ही रिक्षाने शंकर नगरात पोचलो. मी कान देऊन जिना चढत होते. वरून कसलाच आवाज नव्हता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. दार तिच्या आईने उघडलं. तिला मी पहिल्यांदाच पाहत होते. मुलगी आतल्या खोलीच्या दाराला पाठ लावून उभी होती, शाळेच्याच कपड्यात. वडील खुर्चीत बसलेले. आम्हाला पाहून ते उठले, पण "या" म्हणाले नाहीत.

बाबा आपणहून बसले. पाणी मागितलं. पाणी पिऊन भंडाऱ्याचं विचारलं, कोणतं गाव, कोणाचे कोण. मग स्वतःच्या नोकरीचं सांगत बसले. भनपुरीच्या बाजूला मालगाड्या कशा तासन्‌तास उभ्या राहायच्या, साहेब लोक चारचौघांत कसे बोलायचे, घरी येईपर्यंत डोकं कसं तापलेलं असायचं. समोरचा माणूस आधी 'हो', 'हव' करत होता. मग म्हणाला, "आमच्याकडेही तसंच आहे." बाबांनी पुढे काही विचारलं नाही. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. वयस्कर माणूस घरात बसलाय, त्याला जा म्हणवत नव्हतं.

शेवटी बाबा म्हणाले, "साहेब, ती स्केल मले द्या. मी घेऊन जातो."

"कोणती स्केल?"

"तुमाले माहीत आहे."

मुलीचे वडील जमिनीकडे पाहत होते. मग तिची आई आत गेली. कपाटावर हात फिरवल्याचा आवाज आला. ती फूटभर लाकडी पट्टी घेऊन बाहेर आली आणि नवऱ्यासमोरून चालत येऊन बाबांच्या हातात दिली. नवऱ्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं, तीही त्याच्याकडे पाहत राहिली.

बाबा उठले. "उद्यापासून पाठवा पोट्टीले," म्हणाले, आणि आम्ही निघालो. जिना उतरताना त्यांनी कठडा घट्ट धरला होता.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तीन आठवडे आली नाही. मधल्या काळात माझ्याकडची दोन मुलं आयांनी काढून घेतली. "दीदी खोटे मार्क देते," असं गल्लीत झालं, आणि ते खोटं नव्हतं. पाचवीवालीला मी रोज विचारायची. ती सांगायची, "आवाज़ नहीं आती, दीदी." पण मधूनच म्हणायची, "टीवी चलता है ज़ोर से, पता नहीं." त्या उत्तराने मला झोप लागायची नाही.

जानेवारीत एक दिवस तिची आई तिला पायी घेऊन आली. डायरी नव्हती. "मार्क नका लिहू," आई एवढंच बोलली. सगळे गेल्यावर मी मुलीला विचारलं, घरी आता मारतात का. ती खोडरबराने सतरंजी घासत म्हणाली, "स्केल से नहीं." आणखी विचारायला पाहिजे होतं. मी तेव्हा विचारलं नाही.

त्या दिवसापासून आम्ही दुसरं काहीच केलं नाही, फक्त शून्य. मी काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधल्या, शंभराची मोठी जुडी केली. तीनशे दोन म्हणजे तीन मोठ्या जुड्या आणि दोन सुट्या काड्या. मोठी जुडी सोडल्याशिवाय लहान जुडी येत नाही, लहान सोडल्याशिवाय सुटी काडी हातात येत नाही. पहिले आठ दिवस ती चुकताना माझ्या हाताकडे पाहायची, मी पेन उचलते का म्हणून. मी पेन उचलायची नाही. एका दुपारी तिने जुडी सोडली, काड्या मोजल्या, वहीवर एकशे चव्वेचाळीस लिहिलं आणि मला न दाखवताच पुढचं गणित घेतलं. वार्षिक परीक्षेत तिला पन्नासपैकी तेहतीस पडले. उन्हाळ्यात त्यांनी घर बदललं आणि नव्या घराजवळच्या ट्यूशनला तिला घातलं.

पुढच्या डिसेंबरात सदर बाजारात तिचे वडील मला समोरासमोर भेटले. सोनारांच्या दुकानांपुढे गाड्यांची कोंडी झाली होती आणि त्यांची स्कूटर माझ्यापासून दोन हातांवर अडकली होती. टाळायला जागाच नव्हती. त्यांनी मान लववली.

"पाचवीत आहे आता," ते म्हणाले. "बरी आहे गणितात."

"आणि घरी?" मी विचारलं.

त्यांना कळलं मी काय विचारलं ते. मागून हॉर्न वाजायला लागले होते. ते एक पाय रस्त्यावर टेकवून तसेच थांबले.

"अभ्यास आता तिची आई घेते," ते म्हणाले. "मी त्या वेळी बाहेर जातो."

पुढची गाडी सरकली, तसे तेही निघून गेले.