'विडो' या शब्दाचं कूळ

मद्रासच्या मांबळममधल्या प्रतापसिंह सरांच्या इंग्रजीच्या वर्गाला मी दोनदा बसलो, कारण बँकेची बढतीची परीक्षा मला दोनदा द्यावी लागली. सर तंजावरचे मराठी, पोस्टातून निवृत्त झालेले. रोज एक इंग्रजी शब्द घेऊन त्याचं कूळ सांगायचे. कॉट म्हणजे आपली खाट, कॅटमरान म्हणजे इथल्या मच्छीमारांचं कट्टुमरम, एकत्र बांधलेले ओंडके, हे सांगताना त्यांची कॉलर ताठ व्हायची.

'विडो' हा त्यांचा हुकमी एक्का. "विधवाच ती, साडी सोडून झगा घातलेली," असं म्हणायचे. 'वि' म्हणजे नसलेला, 'धव' म्हणजे नवरा. वर्ग हसायचा. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. कॉफी घेऊन येणारी त्यांची मुलगी विशालाक्षीसुद्धा हसायची. तिचं लग्न तेव्हा ठरलेलं होतं.

चौऱ्याऐंशी साली तिचा नवरा काविळीनं गेला. रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात होता, वय एकतीस. एक ट्रंक घेऊन ती वडिलांकडे परत आली. त्याच्या जागी तिला नोकरी मिळणार होती, पण अर्जात 'विडो' असं लिहायचं होतं. तिला ते लिहवेना आणि सरांनाही लिहवेना. मुदतीला चार दिवस उरले तरी ती जागा कोरीच होती.

मी तेव्हा दुसऱ्यांदा वर्गाला बसत होतो आणि यातलं मला काही ठाऊक नव्हतं. त्या आठवड्यात सरांनी 'विंडो' घेतला. वाऱ्याचा डोळा म्हणजे खिडकी, हे फार छान सांगितलं. मी अतिशहाणा. म्हणालो, "सर, यंदा तुमचा विडो राहिला."

आतून विशालाक्षी आली. तिचं मोकळं कपाळ पाहिलं आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

"अप्पा, तुम्ही सांगत होतां तें चूक," ती म्हणाली. "मोठ्या कोशांत पाहिलें मी. मुळांत नवरा कोठेंच नाहीं. वेगळी पडलेली, इतकेंच."

मग तिनं अर्ज आणून त्यांच्यापुढे ठेवला. "आतां लिहा. माझ्यानें होत नाहीं."

सरांनी आमच्यासमोर तो शब्द लिहिला. ती अर्ज घेऊन आत गेली आणि दार लावून रडू लागली. नवरा गेल्यापासून ती रडलीच नव्हती, असं सर म्हणाले आणि त्यांनी वर्ग सोडून दिला.

नोकरी तिला मिळाली. सरांनी मात्र त्याच महिन्यात वर्ग कायमचा बंद केला. मी माफी मागायला गेलो.

"तुमची चूक नाहीं," ते म्हणाले. "नोकरीसाठीं म्हणून किती बायका शिकायला येत होत्या. दहा वर्षें मी त्या शब्दावर हसवलें. त्यांतल्या कितीजणी नवरा गेला म्हणून आल्या होत्या, हें एकदाही विचारलें नाहीं."